निरोपाचं कुंकू

श्रीनिवासची पांढरी गाडी चर्चच्या कोपऱ्यावर वळताना दिसली, तेव्हा नंदू अजून स्टुलावरच उभा होता. जाळीच्या दाराला वर बांधलेले घुंगरू सुटता सुटत नव्हते. लेक मितालीने शाळेत असताना थोडे दिवस नाच शिकायचं नाटक केलं होतं, तेव्हाचे हे घुंगरू. नाच गेला, घुंगरू राहिले. मिताली आता मेलबर्नला क्रेगीबर्नमध्ये स्वतःच्या मुलांमागे धावत होती आणि तिचे घुंगरू इथे समुद्राकाठी तिच्या आईवर पहारा ठेवत होते. दार हललं की ते वाजायचे आणि नंदू असेल तिथून धावत सुटायचा. शेवटी त्याने कात्रीने दोरी कापली, घुंगरू लाँड्रीतल्या बादलीत टाकले, आणि चेहऱ्यावर हसू चढवून ड्राइव्हवेत गेला.

"काय रे, स्टुलावर चढून वाट बघत होतास की काय?" श्रीनिवासने गाडीतूनच विचारलं.

"जळमटं काढत होतो. व्हीआयपी माणसं येणार म्हणून."

"एवढं करूच नकोस, मेट. आम्ही काय परके?"

परके नव्हते, तीच तर अडचण होती. पुण्याहून दोन्ही जोडपी एकाच वर्षी सिडनीला आली, हॅरिस पार्कच्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकाच कुकरमधला भात खाल्ला, आणि पुढे कॅसल हिलला एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर घरं घेतली. श्रीनिवासची अंजू आणि नंदूची सुचित्रा म्हणजे तर एका ताटात जेवणाऱ्या. नंदू आणि सुचित्रा सिडनीपासून लांब, कियामाच्या पुढच्या या गावात राहायला आल्यापासून अंजू सारखी येते येते म्हणत होती आणि नंदू सारखा थापा मारत होता. रंग काढलाय, नळ फुटलाय, मला फ्लू झालाय. या वेळी अंजूने विचारलंच नाही. "शुक्रवारी येतोय, रविवारी जातोय, जमिनीवर झोपू, नो वरीज," म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

सुचित्रा व्हरांड्यात आली. नंदूने तिला निळा कुर्ता घालून, केस विंचरून तयार ठेवलं होतं.

"अगं, किती बारीक झालीस!" तिने अंजूचे दोन्ही हात धरले. "आणि काय गं, इतक्या दिवसांनी?"

नंदूचा जीव भांड्यात पडला. ही वाक्यं कुणालाही चालतात. अंजू बारीक झालेली नव्हती, उलट चांगली सुटली होती, पण ते ऐकून खूश झाली.

चहा झाला. हॅरिस पार्कातून आणलेली बाकरवडी आणि जिलबी झाली. सुचित्रा सगळ्यांबरोबर हसत होती, मान हलवत होती, आणि नंदू तिच्या शेजारी बसून तिची अर्धी उत्तरं स्वतःच देत होता. मग हात धुवायला म्हणून अंजू उठली. ती उठताच सुचित्राही उठली, देवाच्या फळीवरची चांदीची कोयरी घेऊन आली, आणि तिने अंजूच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं.

"या हं परत," ती म्हणाली. "आणि गाडी सावकाश चालवा. डोंगरात धुकं असतं."

बॅगा अजून गाडीतच होत्या. श्रीनिवासच्या हातात जिलबी तशीच राहिली.

"बघा!" नंदू जोरात हसला. "आल्या आल्या हाकलतेय तुम्हाला. कंटाळली बिचारी!"

मग सगळे हसले. सगळे हसतायत म्हटल्यावर सुचित्राही हसली.

सुचित्राला देवाधर्माचं वेड कधीच नव्हतं. एकादशीला आम्लेट खाणारी बाई ती. पण आईकडून एक गोष्ट तिने घेतली होती: घरातून बाईमाणूस निघताना कोऱ्या कपाळाने जायचं नाही. कॅसल हिलला असताना प्लंबरबरोबर आलेल्या त्याच्या बायकोलासुद्धा तिने दारात कुंकू लावलं होतं. बाकी सगळं एकेक करून निसटत चाललं, हे तेवढं हाताने धरून ठेवलं होतं. फक्त कोण आलंय आणि कोण निघालंय यातला फरक हाताला कळत नव्हता.

नंदू स्वतः साधा माणूस. आयुष्यभर एका कारखान्यात वीजवाटपाच्या पेट्यांची ड्रॉइंगं काढली. कधी साहेब झाला नाही, कधी कुणाशी भांडला नाही. समुद्राचं वेड सुचित्राचं. तिच्यासाठी त्याने निवृत्त झाल्यावर हे घर घेतलं, खिडकीतून लाटा दिसतील असं. आता त्याच लाटांची त्याला धास्ती वाटायची. गेल्या हिवाळ्यात शेजारची ग्लेनिस सुचित्राला गाऊनवर, ओल्या पायांनी किनाऱ्यावरून हाताला धरून घेऊन आली होती. ती "नो वरीज, नंडू" म्हणाली, आणि त्याच दिवशी दाराला घुंगरू लागले. तेव्हापासून नंदू एकटा घराबाहेर पडला नव्हता. सामानसुद्धा दारात मागवायचा.

मितालीला सांगितलं असतं तर ती पहिल्या विमानाने आली असती. अंजूला सांगितलं असतं तर ती पहिल्या गाडीने. पण नंदूने शब्द दिला होता. डॉक्टरांनी निदान सांगितलं त्या दिवशी, परत येताना सुचित्राने गाडी टेकडीवर थांबवायला लावली होती. तेव्हा ती पूर्ण शुद्धीत होती.

"मितालीला नाही सांगायचं. अंजूला नाही. मराठी मंडळात कुणालाच नाही," ती म्हणाली होती. "लोक माझ्याशी मोठ्याने आणि हळूहळू बोलायला लागतील. ते नको मला."

"अगं, पण किती दिवस?"

"मी तुला ओळखतेय तोवर. ज्या दिवशी ओळखणार नाही त्या दिवशी तुझा तू मोकळा. कर काय करायचं ते."

तेव्हापासून रोज सकाळी चहा देताना तो विचारायचा, "मी कोण?" आणि ती कपाळाला आठ्या घालून म्हणायची, "नंद्या, काय हा पोरकटपणा!" मग त्याला हायसं वाटायचं आणि त्याच्या पायातली बेडी आणखी एक दिवस पक्की व्हायची.

शनिवारी सकाळीही त्याने हळूच विचारून घेतलं. नंद्या होता. पण अंजू बूट घालून फिरायला निघाली तर कोयरी पुन्हा आली. "या हं परत."

"व्रत आहे तिचं हल्ली," नंदू घाईने म्हणाला.

"सुचित्राचं?" अंजूने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "व्रत?"

नंदू कांदा चिरायला लागला. डोळ्यांत पाणी यायला तेवढंच निमित्त.

दुपारी पिठलं-भात झाला. नंदूने वाढता वाढता सांगून टाकलं की सुचित्राने केलंय. सुचित्राने पहिला घास घेतला आणि मनापासून म्हणाली, "छान झालंय गं. कुणी केलं?" श्रीनिवास मोठ्याने हसला, त्याला ती थट्टा वाटली. अंजू हसली नाही. तिने पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ ओठांना लावून ठेवला.

कानामागे तीळ असावा तसं हे सगळं चाललं होतं, ज्याचं त्याला दिसत नव्हतं आणि बाकीच्यांना दिसत होतं. आपण फार उत्तम निभावतोय असं नंदूला वाटत होतं.

संध्याकाळी श्रीनिवासने मासे आणले आणि मागच्या अंगणात बार्बेक्यू पेटवला. अंजू आंघोळीला गेली. सुचित्रा पडली होती. नंदूने दोनदा जाऊन बघितलं, झोप लागली होती. मासे उलटायला म्हणून तो तेवढा बाहेर थांबला. श्रीनिवास कॅसल हिलच्या मेट्रोतल्या गर्दीबद्दल काहीतरी सांगत होता आणि खूप दिवसांनी एका मित्राच्या बडबडीत नंदूचं चित्त लागलं होतं. घर शांत होतं. घर इतकं शांत कसं, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. घुंगरू बादलीत होते.

पलंग रिकामा होता. जाळीचं दार वाऱ्याने हलत होतं.

नंदू अनवाणीच धावला, थेट पाण्याच्या दिशेने. भरती होती. पाण्यात दोन पोरं सर्फबोर्डवर बसली होती, बाकी काही नाही. तो गुडघ्याइतक्या पाण्यात शिरला आणि "सुचित्रा" म्हणून ओरडला. आपल्याच आवाजाने तो घाबरला. आपण दोरी कापली. चार लोकांत शोभा नको म्हणून आपल्या हाताने आपण दोरी कापली, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

"नंदू!" मागून अंजूचा आवाज आला. ओल्या केसांनी ती कार पार्कच्या कठड्याशी उभी होती. "इकडे ये. आहे इथे. अरे, आहे."

कार पार्कमध्ये घरी निघालेल्यांची गडबड होती. लोक टॉवेल झटकत होते, छत्र्या मिटत होते, पोरांच्या पायांची वाळू धूत होते. आणि त्या गाड्यांच्या रांगेतून सुचित्रा चालली होती, निळ्या कुर्त्यात, हातात कोयरी. प्रत्येक गाडीशी ती थांबायची, तिथल्या बाईच्या कपाळाला हळद-कुंकू लावायची आणि म्हणायची, "या हं परत. सावकाश जा." एका दांडग्या बाईने चष्मा वर करून मान वाकवली होती. एक शाळकरी मुलगी आरशात कपाळ बघत होती. पाच-सहा कपाळं तरी लाल झाली होती.

"शी'ज लव्हली, मेट," एक टोपीवाला नंदूला म्हणाला. "इज इट अ फेस्टिव्हल?"

"यस," नंदू म्हणाला. त्याच्या पँटमधून पाणी गळत होतं. "स्मॉल वन."

तो पुढे व्हायला लागला तसा अंजूने त्याचा दंड धरला. ती स्वतः पुढे गेली आणि रांगेतली पुढची बाई असावी तशी सुचित्रासमोर उभी राहिली. सुचित्राने तिला कुंकू लावलं.

"या हं परत."

"येते हं," अंजू म्हणाली. ती एका गाडीला वळसा घालून पलीकडे गेली, तिथे डोळे पुसले, आणि दुसऱ्या बाजूने हात पसरून समोर आली. "आले गं मी!"

सुचित्राचा चेहरा उजळला. "अगं बाई, अंजू! केव्हा आलीस?"

दोन दिवसांत तिने अंजूचं नाव पहिल्यांदा घेतलं होतं. अंजूने तिला कवेत घेतलं आणि तशीच घरापर्यंत चालवत आणली. मागून नंदू कोयरीचं झाकण घेऊन चालत होता.

मासे करपले होते, ते सगळ्यांनी गोड मानून खाल्ले.

रविवारी सकाळी नंदू चहा टाकत होता तर अंजू ओट्याशी येऊन उभी राहिली. बाहेर श्रीनिवास स्टुलावर चढून घुंगरू पुन्हा बांधत होता. त्याला ते बादलीत सापडले होते आणि त्याने काही विचारलं नव्हतं.

"मी कोण रे तुझी?" अंजूने विचारलं. "मितालीच्या बाळंतपणाला मी होते ना? मग हे मला फोनवर रंग काढलाय, नळ फुटलाय?"

नंदूने तिला टेकडीवरचा शब्द सांगितला. सगळा, अटीसकट.

"अरे, पण तो शब्द तिला तरी आठवतोय का आता?"

"तिला नाही आठवत. मला आठवतो ना."

चहा उतू गेला, तो अंजूनेच पुसला. "मी मितालीला फोन करणार नाही," ती म्हणाली. "ते तुझं काम आहे. पण तिने मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. आणि आता जा. पाय मोकळे करून ये. आम्ही दोघं आहोत इथे."

"नको, ती उठेल."

"उठू दे की! जा म्हणते ना."

नंदू गेला. चपला हातात घेऊन ओल्या वाळूवरून चालला. किती महिने त्याने याची स्वप्नं रंगवली होती: एकट्याने धक्क्याच्या टोकापर्यंत जायचं, पेलिकन पक्षी बघत बसायचं, कुणाचीही काळजी नको. धक्का समोर होता. पेलिकनही होते. पण दर थोड्या पावलांनी त्याची मान आपोआप घराकडे वळत होती आणि कान घुंगरांकडे लागले होते. इतक्या लांबून ते ऐकू येणं शक्य नव्हतं. मध्येच त्याच्या मनात आलं की एक दिवस ती ओळखणार नाही, आणि मग आपल्याला सांगता येईल, रडता येईल, झोपता येईल. म्हणजे आपण त्या दिवसाची वाट बघतोय. त्याला स्वतःची इतकी शिसारी आली की तो तिथूनच मागे फिरला. धक्का राहूनच गेला.

दुपारी जेवणं उरकून पाहुणे निघाले. बॅगा खरोखर गाडीत गेल्या. सुचित्रा व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत समुद्राकडे बघत बसली होती. अंजू तिच्यासमोर ओणवी झाली, कपाळ पुढे केलं, आणि थांबली.

सुचित्रा तिच्याकडे बघत राहिली. उठली नाही.

"निघते गं," अंजू म्हणाली.

"बरं," सुचित्रा म्हणाली. ती सौजन्याने हसली, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईकडे बघून हसावं तशी.

अंजू तरीही थांबली होती. श्रीनिवासने गाडी चालू केली नव्हती. मग नंदू आत गेला आणि फळीवरची कोयरी घेऊन आला. दुसऱ्याच्या बायकोला कुंकू कसं लावायचं, म्हणून त्याने ती नुसती उघडून समोर धरली. अंजूने आपल्याच बोटाने हळद लावली, कुंकू लावलं.

"या हं परत," नंदू म्हणाला. घरातलं कुणीतरी म्हणायला हवंच होतं. "सावकाश जा. डोंगरात धुकं असतं."

"पुढच्या महिन्यात येतो," श्रीनिवास म्हणाला. "फोनबिन करणार नाही, सरळ येतो."

गाडी चर्चच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत नंदू उभा राहिला. मग पायऱ्या चढून व्हरांड्यात आला. सुचित्राने त्याच्याकडे बघितलं, त्याच्या हातातल्या कोयरीकडे बघितलं, आणि ती लगबगीने उठली. तिने कोयरी त्याच्या हातातून घेतली.

"निघालात?" ती म्हणाली.

लग्नाआधीपासून ती नंदूला अरे-तुरे करायची. तिच्या आईने दहादा रागावूनही तिने ते कधी सोडलं नव्हतं.

तिने अंगठ्याने त्याच्या कपाळावर कुंकवाचं बोट ओढलं. अंगठा गार होता. "या हं परत," ती म्हणाली. "भेट झाली, बरं वाटलं."

"येतो," नंदू कसाबसा म्हणाला.

तो पायऱ्या उतरला, ड्राइव्हवेपर्यंत गेला. रस्ता रिकामा होता, समुद्र समोर होता, त्याला कुणी अडवत नव्हतं. तो कचऱ्याच्या डब्याला धरून उभा राहिला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. मग बाहीने डोळे पुसले, कपाळ तेवढं सोडून. अंजूने केलं होतं तसं तो घराला वळसा घालून दुसऱ्या बाजूने आला, आणि पायऱ्या चढून हात पसरून उभा राहिला.

"आलो गं मी!"

सुचित्राने त्याच्याकडे नीट बघितलं. बराच वेळ बघितलं.

"या ना, बसा," ती म्हणाली. "नंदू येईलच एवढ्यात. मी चहा टाकते."

ती आत गेली. घुंगरू वाजले. किटलीत पाणी भरल्याचा आवाज आला. गॅसचा कॉक तो स्वयंपाक उरकला की बंद करून ठेवायचा, विजेच्या किटलीची भीती नव्हती. जाळीतून तिची पाठ दिसेल अशा बेताने नंदू खुर्चीच्या कडेवर बसला, पाहुणे बसतात तसा. मग त्याने खिशातून फोन काढला आणि मितालीला लावला.

"हाय बाबा! ऑल गुड?" मागे तिची मुलं ओरडत होती. "अंजूमावशी गेली का? गेस्ट्स गेले सगळे?"

"ते दोघं गेले," नंदू म्हणाला. आत कपबशा मांडल्या जात होत्या, त्यातल्या चांगल्या, पाहुण्यांसाठीच्या. "एक पाहुणा आहे अजून. तुला वेळ आहे का बाळा? जरा मुलांना बाहेर पाठव. सांगायचंय."